रानकोंबड्याच्या सात माना

टेबलावर वर्तमानपत्राचा एक गुंडाळा होता. मी तो उघडला आणि तसाच पुन्हा मिटला. इकडेतिकडे बघितलं. बायका खाली बघून काम करत होत्या. मग पुन्हा उघडला. आत सात माना होत्या. म्हणजे कोंबड्याच्या मानेची कातडी, पिसांसकट, मीठ लावून वाळवलेली. आमच्या धंद्यात तिला केप म्हणतात. केप मी रोज बघायचे. पण हा कोंबडा कुणाच्या परसातला नव्हता.

आमचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पिरंगुटजवळच्या भरे गावाच्या जरा पुढे एका शेडमध्ये आम्ही चौदा बायका मासे पकडायच्या माश्या बांधायचो. हसू नका. ट्राउट नावाचा मासा थंड पाण्याच्या नद्यांत असतो. तो पाण्यावर बसलेले किडे खातो. त्याला पकडणारे हौशी लोक गळाला गांडूळ लावत नाहीत, त्यात त्यांना कमीपणा वाटतो. ते गळावर पिसं, लोकर आणि दोरा बांधलेला खोटा किडा पाण्यावर फेकतात. त्याला फ्लाय म्हणायचं. मी तिथे एकोणीस वर्षं फ्लाय बांधल्या आणि तपासल्या. ट्राउट मात्र अजून डोळ्यांनी बघितलेला नाही.

बांधायची रीत अशी. टेबलाला एक छोटा शिकंजा असतो, त्याला वाइस म्हणतात. त्यात गळ धरायचा. बॉबिनमधून केसाइतका बारीक दोरा येतो, तो गळावर गुंडाळायचा. शेपटीला पिसाच्या चार काड्या, पोटाला लोकर. मग कोंबड्याच्या मानेचं लांब पीस गोल गोल फिरवायचं, की त्याचे केस किड्याच्या पायांसारखे उभे राहतात. शेवटी डोक्याशी गाठ. दोरा त्याच्याच वेढ्यांखालून ओढून घ्यायचा आणि कापायचा. ही गाठ सैल राहिली तर दोनचार फेकीत सगळा किडा सुटून हातात येतो. माझी नोकरी क्वालिटीची. येणारा माल बघायचा, झालेली फ्लाय बघायची, रजिस्टरला लिहायचं.

काही भारी फ्लायना दोन्ही बाजूंना पिवळसर ठिपक्याचं पीस लावतात. पाण्यात तो ठिपका डोळ्यासारखा चमकतो. पूर्वी हे पीस रानकोंबड्याच्या मानेचं असायचं. आता तो पक्षी कायद्याने राखलेला आहे. मारायचा नाही, पिसं विकायची नाहीत, परदेशी पाठवायची तर नाहीतच. म्हणून आम्ही साध्या कोंबडीच्या पिसावर रंगाचा ठिपका द्यायचो. त्या वर्षी परदेशातल्या गिऱ्हाइकाने आमचे नमुने परत केले. ठिपका खोटा दिसतो म्हणे. आख्खा किडा खोटा, पण ठिपका खरा पाहिजे! आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी हा गुंडाळा माझ्या टेबलावर आला.

माझं माहेर ताम्हिणी घाटाच्या अंगाला. रानकोंबडा मी लहानपणापासून बघतेय. तरी नुसत्या नजरेवर भरवसा ठेवायचा नाही, ही कामाची सवय. कापसावर नेलपॉलिश काढायचं पाणी घेतलं आणि ठिपका पुसला. रंग असता तर कापसाला लागला असता. कापूस पांढराच राहिला. नखाने खरवडून बघितलं. ठिपका मेणासारखा गुळगुळीत, पिसाला चिकटवलेला नाही, पिसाचाच भाग. एका मानेला तर वाळलेलं रक्त होतं. रजिस्टरला सगळं लिहिलं, नाकारल्याचा शेरा मारला आणि गुंडाळा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर म्हणजे शेडचे मालक. शेड त्यांच्या वडिलांनी सुरू केली होती. वडील गेल्यावर सर हिंजवडीची नोकरी सोडून इकडे आले, त्याला तीन वर्षं झाली होती.

"सर, हा माल कुठला?"

"इम्पोर्टेड आहे ताई. इंग्लंडमध्ये पाळतात हे पक्षी."

तिकडे पिसांसाठी पाळतात हे मीही ऐकलं होतं. पण असा माल धुतलेला, कार्डाला लावलेला, कागदपत्रांसकट येतो.

"मग कागद द्या. रजिस्टरला नंबर लिहिते."

"येतील कागद मागून."

मी वर्तमानपत्र त्यांच्यापुढे पसरलं. मराठी होतं. वरच पुण्यातल्या पाणीकपातीची बातमी.

"इंग्लंडात ही बातमी वाचतात का सर?"

त्यांनी पेपरची घडी घातली आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकली. "ताई, तुमचं काम गाठ बघायचं. पक्षी कुठला, पीस कुठलं, हे माझ्यावर सोडा." मग ड्रॉवरमधून एक इंग्रजी कागद काढला. या मालातली सर्व पिसं पाळीव कोंबड्यांची आहेत, असं त्यावर छापलेलं. खाली लिहिलेलं, क्वालिटी इनचार्ज. "इथे सही करा."

"मी नाही करणार."

"एकोणीस वर्षांत कधी अडला नाहीत. आता काय झालं?"

"एकोणीस वर्षांत असा कागद पुढे आला नव्हता. तुमच्या वडिलांनी तरी कधी आणला नाही."

वडिलांचं नाव काढलेलं त्यांना आवडलं नाही. बाहेर येऊन मी रजिस्टरच्या नोंदीत ‘सरांना सांगितलं’ एवढं जोडलं. दुसऱ्या दिवशी मला पॅकिंगला टाकलं. माझ्या खुर्चीवर मंगल बसली.

मंगल आमच्यातली सगळ्यात चलाख बाई. तिची गाठ मी कधी परत केली नाही. सातवीपर्यंत शिकलेली, मराठी वाचायची, इंग्रजी नाही. नवीन खुर्ची मिळाल्याचा तिला केवढा आनंद. डब्यातून सगळ्यांसाठी शिरा आणला. मी खाल्ला नाही. तिने माझी जागा घेतली असं मला वाटत होतं. तिला बाजूला घेऊन सगळं सांगायला हवं होतं, पण मी घुश्शात होते. शिवाय मनाला असंही समजावलं, की मी नाही म्हटलंय म्हणजे सर आता तो माल वापरणार नाहीत. मूर्खपणा होता तो माझा.

दीड महिन्याने वनखात्याची गाडी दारात आली. एक अधिकारी मॅडम आणि दोन वनरक्षक. आमचं एक पार्सल विमानतळावर अडवलं होतं. त्यातल्या फ्लायवरची पिसं रानकोंबड्याची निघाली होती.

पॅकिंगचं टेबल केबिनच्या दारालगत. मला सगळं ऐकू येत होतं. सर इतके शांत होते, की मला आधी नवलच वाटलं. मग कळलं का ते.

"आमच्याकडे सिस्टिम आहे मॅडम. मटेरियलची जबाबदारी क्वालिटी इनचार्जची. त्यांनी लिहून दिलंय. आता मी काही पक्ष्यांतला तज्ज्ञ नाही. मला कसं कळणार?"

त्यांनी तो कागद पुढे केला. मंगलला बोलावलं. ती बोटाला दोरा गुंडाळलेलाच आत गेली.

"ही सही तुमची?" मॅडमनी विचारलं.

"व्हय."

"वाचून केली होती?"

"विंग्रजीत हाय त्ये. सर म्हणले, ट्रेनिंग झाल्याचा कागद हाय, हितं सही कर. मी केली."

"मंगल," सर म्हणाले, अगदी समजुतीच्या आवाजात, "असं काहीतरी बोलू नकोस. नीट आठव. मी तुला सगळं समजावून सांगितलं होतं."

"मी खोटं बोलतीया? तुमीच तर पेन दिला की वो सर! मला काय ठावं त्यात कोंबडं हाय का मोर हाय!"

ती रडत नव्हती. बोटाचा दोरा सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. आणि सर तिच्याकडे बघत मान हलवत होते, अडाणी माणसाची कीव करावी तशी. आजवर मला पुष्कळदा राग आलाय, पण असा नाही. डोकं सणकलं. हातातला डबा ठेवला आणि केबिनमध्ये शिरले.

"मॅडम, आलेल्या मालाचं इनवर्ड रजिस्टर बघा."

"ताई, तुम्ही पॅकिंगला आहात," सर म्हणाले.

"पॅकिंगलाच आहे. रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते विसरले नाही."

मी काढून आणलं आणि ते पान उघडून मॅडमपुढे ठेवलं. माझ्याच अक्षरात होतं: सात केप, रानकोंबड्याच्या, खऱ्या. रंग सुटत नाही. एकीला रक्त. मराठी वर्तमानपत्रात गुंडाळून आल्या. नाकारल्या. सरांना सांगितलं. पानाच्या तळाला सरांची सही. दर शनिवारी ते रजिस्टरवर सह्या करायचे, एका दमात, फोनवर बोलत.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "ही सही तुमची?"

सरांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी दिवसाला पन्नास सह्या करतो मॅडम. प्रत्येक ओळ कोण वाचत बसतं?"

"म्हणजे तुम्ही मराठीसुद्धा न वाचता सही करायची," मॅडम म्हणाल्या, "आणि या बाईंनी मात्र इंग्रजी वाचून करायला हवी होती."

वनरक्षकांनी कपाटं उघडायला सुरुवात केली. मागच्या खोलीत आणखी चार केप सापडल्या.

आता पुढचं सांगते, आणि ते काही गोड नाही. घाटात फासे लावून हे रानकोंबडे धरणारा माणूस आठवडाभरात तुरुंगात गेला. सरांना अटकपूर्व जामीन मिळाला. केस अजून चालू आहे. मंगलवर गुन्हा लागला नाही, पण जबाबासाठी तिला चारदा ऑफिसात जावं लागलं. चारही वेळा मी सोबत गेले. पहिल्या वेळी ती बसमध्ये माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या वेळी म्हणाली, "ताई, तुमाला ठावं हुतं ना? मग मला का न्हाई सांगितलं?" घुस्सा होता म्हणून, हे काय उत्तर झालं? तरी तेच सांगितलं.

शेडला सील लागलं. चौदा जणींचं काम गेलं. त्याचा दोष सरांना कमी आणि मला जास्त मिळाला. पिठाच्या गिरणीत त्यांतलीच एक जण तोंडावर म्हणाली, "तुज्या पिसापायी आमचं काम घालवलंस." तिचा राग मला कळतो. पण ज्याने एका बाईच्या गळ्यात आपला गुन्हा अडकवला, त्याच्या दारात जाऊन हे वाक्य कुणी बोललं नाही, याचा संताप अजून येतो.

पुढे पिरंगुटला फ्लायच्याच दुसऱ्या एका कारखान्यात आमच्यातल्या नऊ जणींना काम मिळालं. मी दोन अटी घातल्या. पिसाच्या आधी पिसाचा कागद आला पाहिजे, आणि ज्याच्यावर बायकांनी सही करायची तो कागद मराठीत पाहिजे. मॅनेजर म्हणाले, "भाषांतर कोण करणार?" मी म्हटलं, "मी करते." रविवारी बसून बारा फॉर्म मराठीत केले. मंगल आता माझ्यासोबत क्वालिटीला आहे. कुठलाही कागद आला की मोठ्याने वाचते, शेवटच्या ओळीपर्यंत. मॅनेजर वैतागतात. वैतागू देत.

तपासणीच्या कामात नाही म्हणता आलं पाहिजे, हे मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. ते अर्धंच होतं. आपण नाही म्हणून उठलो, की त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसवलं जातं. त्याला त्याच दिवशी जाऊन सगळं सांगायचं, आपण कितीही रुसलेलो असलो तरी.