दाराखालून येणारा वास

नवं पिल्लू आणलं की ते लगेच जुन्या मांजरापुढे ठेवायचं नसतं. आधी वासाची ओळख होऊ द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून पिल्लाला आईच्या खोलीत कोंडलं. ती गेल्यापासून खोली बंदच होती. तिथंच हाताला लागलेलं एक मऊ फडकं पिल्लाच्या गालांवर चोळलं आणि बाहेर मनीच्या वाटीशेजारी ठेवलं.

मनी आईची लाडकी. अलीकडे ती खाण्यापुरतीच कपाटावरून खाली उतरायची. तिला सोबत हवी, हा माझ्या नवऱ्याचा आग्रह.

मनीनं फडकं हुंगलं आणि धावतच त्या बंद दाराशी गेली. दाराखालच्या फटीला नाक लावून केविलवाणं ओरडत राहिली.

"बघ, आत्ताच लळा लागला!" नवरा खूश झाला.

मीही हसले. मग फडकं उचलून पाहिलं. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता, गोधडीसाठी तिनंच फाडून ठेवलेला.

माणूस गेलं की आपण तेरा दिवस करतो, फोटोला हार घालतो. मग हळूहळू आपल्यालाही ते पटतं. मांजराला कोण काय सांगणार? तिच्या लेखी वास आहे म्हणजे माणूस आहे.

शेवटी दार उघडलं. पिल्लू फिस्कारलं. मनीनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पलंगाखाली, दारामागे शोधून ती रिकाम्या गादीवर चढली आणि पायथ्याशी बसली, आईच्या पायांपुरती जागा सोडून.