पाटावर दोघं, तोंडं कॅमेऱ्याकडे

फोटो स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण आहोत त्यापेक्षा थोडं बरं दिसायचं असतं. किस्से होतात ते तिथूनच. आमच्याकडे जुन्या निगेटिव्हचे डबे रद्दीत गेले, कॅमेरे बदलले, पण किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही. एक सांगायला घ्यावा तर मागून चार येतात. म्हणून आधी माणसं सांगते आणि मग किस्से मोकळे सोडते.

तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत खाली आमचा स्टुडिओ, वर घर. स्टुडिओ काढला माझ्या सासऱ्यांनी, अप्पांनी. आता कॅमेरा असतो माझ्या नवऱ्याच्या, व्यंकटच्या हातात आणि अप्पांचं तोंड असतं त्याच्या कानाशी. फोटो निघाला की माणसांचे डाग, सुरकुत्या आणि नको असलेले जावई कॉम्प्युटरवर पुसायचं काम माझं. मी माहेरची सोलापूरची, पण वीस वर्षांत इथलीच झाले. मुलगी गौरी बारावीत आहे. तिला आमचं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देते. आणि या सगळ्यांच्या वर सासूबाई, म्हणजे अम्मा.

यंदा अप्पांना ऐंशी पूर्ण झाली. आमच्याकडे ऐंशीला सदाभिषेकम करतात. होम होतो, डोक्यावर कलशांचं पाणी घालतात आणि नवरा बायकोला पुन्हा एकदा मंगळसूत्र बांधतो. तारीख ठरली त्या सकाळी अम्मांनी इडलीचं भांडं खाली ठेवलं आणि एकच अट घातली.

"मला एक फोटो पाहिजे. दोघं पाटावर, शेजारी शेजारी, दोघांची तोंडं कॅमेऱ्याकडे. ते होत नसेल तर मी बसत नाही."

आता तुम्ही म्हणाल, फोटोग्राफरच्या घरात हे काय मोठं मागणं? ऐका मग.

*

अप्पांचं लग्न झालं तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच कॅमेरा होता आणि तो नवऱ्यामुलाचा होता. अप्पांनी तो विश्वासानं आपल्या चुलतभावाच्या हातात दिला. उघडायचा कसा, बघायचं कुठून, दाबायचं काय, सगळं तीन दिवस शिकवलं. भावानं हळद, होम, मंगळसूत्र, सप्तपदी, सगळ्याला बरोबर वेळेवर बटण दाबलं.

फक्त एक फोटो झाला की रोल पुढे फिरवायचा असतो, हे अप्पा शिकवायचं विसरले होते.

अख्खं लग्न एकाच फोटोत आलं. बहुतेक पांढरं धुकं, त्यात अम्मांची नथ आणि सहा-सात कान. अम्मांनी तो फोटो अजून जपून ठेवलाय. कुणी लग्नाचा फोटो मागितला की तोच दाखवतात आणि म्हणतात, "सगळं आहे त्यात. शोधून काढा."

*

साठीला पुन्हा मंगळसूत्र बांधायचं असतं, तेव्हा कसर भरून निघेल असं सगळ्यांना वाटलं. मी तेव्हा नवी सून होते आणि व्यंकट नवा फोटोग्राफर. तो एकेक फोटो घ्यायला वाकायचा आणि अप्पा पाटावरून उठायचे. "डावीकडून घे." "खांब येतोय मागे." "लाइट कुणाच्या तोंडावर मारतोस? भटजींचं लग्न नाहीये."

अल्बम आला. जवळजवळ दीडशे फोटोंत अप्पा होते, पण कुठे त्यांची पाठ, कुठे लेन्ससमोर हलणारा हात, कुठे नुसतं कडेला निघून चाललेलं उपरणं. आणि प्रत्येक फोटोत अम्मा हार घालून, नऊवारीत, नीट कॅमेऱ्याकडे बघत रिकाम्या पाटाशेजारी बसलेल्या.

अम्मांनी अल्बम शेवटपर्यंत पाहिला आणि मिटला. "बघणाऱ्याला वाटेल, मी पाटाशी लग्न लावलं."

आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि आजही तो अल्बम काढायचा म्हटलं की हात मागे येतो.

*

अप्पांना दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर गप्प बसताच येत नाही, हा काही हट्ट नव्हे. ती खोडच आहे. गेल्या वर्षी ते न्हाणीत घसरले आणि मनगट सुजलं. एक्स-रे काढायला नेलं. तिथल्या मुलीनं हात प्लेटवर ठेवायला सांगितला, तर अप्पा म्हणाले, "माझी डावी बाजू चांगली येते."

इकडे आजोबांना ताता म्हणतात. ती म्हणाली, "ताता, सूज उजव्या हाताला आहे."

अप्पांनी नाइलाजानं उजवा हात दिला. मग तिला प्लेट तिरकी करायला लावली, स्वतः हनुवटी खाली घेतली आणि श्वास रोखून बसले. तिनं बटण दाबलं, झालं म्हणून सांगितलं. अप्पा हलेनात.

"आणखी एक घेऊन ठेव," ते म्हणाले. "सेफ्टीला."

*

आमच्या स्टुडिओत एक काळा कोट आहे. पासपोर्टला, नोकरीला, स्थळाला, सगळ्यांना तोच. बारीक माणसाला सैल होतो म्हणून मागून चिमटे लावायचे आणि जाड माणसाला बसत नाही म्हणून अप्पांनी तो पाठीवर उभा फाडून ठेवलाय. पुढून बघाल तर कलेक्टर.

तिरुवैयारूहून एक मृदंगमचे मास्तर आले होते, चांगले ऐसपैस. परदेशात कार्यक्रम ठरला होता, पासपोर्टला फोटो हवा होता. कोट चढवला आणि आरशात बघून ते खूशच झाले. फोटो निघाला, आम्ही प्रिंटच्या गडबडीत, आणि मास्तर बायकोला दाखवून येतो म्हणून कोटासकट बाहेर पडले. बायको बसली होती देवळाजवळ. म्हणजे सगळा बाजार ओलांडून.

अर्ध्या तासानं आले ते तापूनच. "समोरून येणारा प्रत्येक जण नमस्कार करत होता. आणि मी पुढे गेलो की हसत होता. का ते बायकोनं सांगितलं."

अप्पांनी चष्मा वर केला. "पुढून बरोबर होतं ना? मी फोटो पुढूनच काढतो."

*

इकडे माणूस गेला की दुसऱ्या दिवशी चौकात त्याच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागतो. घरचे रडत येतात आणि कुठल्या तरी लग्नातला फोटो देतात, त्यातून मी माणूस कापून काढते, शर्ट बदलते, मागे आभाळ लावते.

ओरत्तनाडूचे एक निवृत्त हेडक्लार्क आमच्याकडे स्वतःच आले. धडधाकट. म्हणाले, माझ्या मुलांना अजिबात टेस्ट नाही, हातात येईल तो फोटो देतील. माझा फ्लेक्सचा फोटो मी आताच काढून ठेवतो. व्यंकट बिचारा गडबडून गेला. त्याच्या तोंडून सवयीनं निघालं, "सर, जरा स्माइल."

"स्माइल नको. लोकांना वाईट वाटलं पाहिजे."

फोटो छान आला. ते घेऊन गेले. पुढच्या वर्षी पुन्हा हजर. मग दर वर्षी. पाचव्या की सहाव्या वर्षी मी म्हटलं, "सर, गेल्या वर्षीचा तर इतका सुंदर आलाय, राहू दे की तोच."

"नको नको," ते म्हणाले. "त्यात मी आजारी दिसतो."

*

घरात कॅमेऱ्याचं सामान आणि स्वयंपाकाचं सामान यांत अम्मा भेदभाव करत नाहीत. ट्रायपॉडवर लोणच्याच्या बरणीचं फडकं वाळतं. सॉफ्टबॉक्सच्या पिशवीत चिंच असते. एका उन्हाळ्यात त्यांना शोध लागला की नवरीच्या तोंडावर उजेड टाकायला जो चांदीचा गोल रिफ्लेक्टर असतो, त्यावर वडाम दुप्पट वेगानं वाळतात. वडाम म्हणजे आपल्या कुरडया-सांडग्यांच्या जातीतलं, तांदळाच्या पिठाचं वाळवण.

व्यंकटला हे ठाऊक नव्हतं. त्यानं गच्चीवरून रिफ्लेक्टर घडी करून गाडीत टाकला आणि कावेरीच्या काठी एका नवरीचे फोटो काढायला गेला. मी मदतीला. मी तिथे रिफ्लेक्टर उघडला तर मधोमध सव्वीस वडाम घट्ट चिकटलेले. खरवडून निघेनात. उजेड टाकला तर नवरीच्या गालावर ठिपके. बाजूला करावा तर कावळे. आधी दोन आले, मग त्यांनी गाव गोळा केलं. नवरी किंचाळत पायऱ्यांवर, व्यंकट कॅमेरा पोटाशी धरून तिच्यामागे.

नवरीची आई मात्र जागची हलली नाही. तिनं एक वडाम नखानं सोडवला, तोंडात टाकला आणि मला म्हणाली, "मीठ बरोबर आहे. अजून एक ऊन लागेल."

घरी येऊन व्यंकटनं अम्मांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे सव्वीसच्या सव्वीस आणलास ना परत?"

*

तर सदाभिषेकम.

आम्ही तयारी जोरात केली. अप्पांनी उठायचं नाही, बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, हे व्यंकटनं त्यांच्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं. अम्मांचा त्यावर विश्वास नव्हता. आदल्या दिवशी मला घेऊन त्या हॉल बघायला गेल्या. मॅनेजरशी त्याच्या ऑफिसात बराच वेळ बोलत बसल्या आणि मग स्टेजवर येऊन पाट खांबापासून दोन हात पुढे सरकवून घेतला. होमाची जागा बघायला आलेल्या शास्त्रींनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "तिथे वारा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी कलशांचं पाणी झालं, कपडे बदलून दोघं पाटावर बसली. उपरण्याची आणि पदराची गाठ अम्मांनी स्वतः मारली, एकावर एक तीन. व्यंकटनं कॅमेरा डोळ्याला लावला.

अप्पा उठले.

"लाइट फार होतोय रे." गाठ पक्की होती, त्यामुळे अम्माही उठल्या. अप्पा लाइटपाशी गेले, अम्मा मागोमाग. अप्पा व्यंकटच्या खांद्यावरून स्क्रीन बघायला गेले, अम्माही गेल्या. दोन तास हे असं. या वेळी प्रत्येक फोटोत दोघं होती हे खरं, पण दोघंही पाठमोरी चाललेली. मंगळसूत्र बांधतानासुद्धा अप्पांची मान लाइटकडे होती. व्यंकटच्या डोळ्यांत पाणी आलं. मला अप्पांचा इतका राग आला की मी तिथून उठून जेवणाची पानं मोजायला गेले.

शेवटी अप्पांनीच आपल्या तंजावुरी मराठीत फर्मान काढलं, "हे सगळं चुकूलाय. व्यंकट, खालून दुसरी लेन्स आण. गौरी, स्टूल आण." सगळे पांगले. शास्त्री कॉफी प्यायला गेले. स्टेजवर दोघंच उरली.

घरी आल्यावर फोटो बघायची कुणाची हिंमत होईना. तिसऱ्या दिवशी अम्मांनी मागून घेतले, सगळे पाहिले. कपाळावर आठीसुद्धा नाही. मला ते जास्त भीतीचं वाटलं. मग त्यांनी गौरीला हाक मारली.

"हॉलच्या ऑफिसात जाऊन ये. दहा वाजून पाच मिनिटांचं दे म्हण. त्यांना ठाऊक आहे."

गौरी पेन ड्राइव्ह घेऊन आली. दागिन्यांच्या चोऱ्या होतात म्हणून हॉलवाल्यांनी स्टेजच्या वर भिंतीला सीसीटीव्ही लावलाय, त्यातलं ते होतं. आवाज नाही. रिकामं स्टेज, पाटावर दोघं. समोर एकही कॅमेरा नाही, त्यामुळे अप्पा शांत बसलेले. मग अम्मांनी त्यांना कोपरानं ढोसलं आणि वर बोट करून काहीतरी विचारलं. बोट लगेच खाली घेतलं. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले, मान वर केली. अप्पांनीही वर पाहिलं.

तीन सेकंद. पाटावर दोघं, शेजारी शेजारी.

मी तो तुकडा मोठा केला, साफ केला. कोपऱ्यातली तारीख-वेळ पुसायला घेतली तर अम्मांनी माझा हात धरला. "राहू दे. कधीचा आहे ते लोकांना कळू दे." फ्रेम केली आणि स्टुडिओत, जिथे अप्पांचे सगळ्यांत चांगले फोटो लावलेत, त्याच भिंतीवर मधोमध लावली.

अप्पा संध्याकाळी खाली आले. अम्मा कोपऱ्यात स्टुलावर शेंगा सोलत बसल्या होत्या. अप्पा फ्रेमसमोर उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. जवळ गेले, मागे आले.

"फार वरून घेतलाय," ते म्हणाले. "डोक्यावर जागा जास्त. लाइट सपाट." मग पुन्हा एक पाऊल पुढे झाले. "पण दोघांची नजर कशी धरलीय बघ. इतकी वर्षं झाली, अशी नजर मला कधी सापडली नाही. कोण काढला हा?"

अम्मांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"मी."