राखणे : गोंदण, तीन ठिपके

ज्या कॉम्प्युटरने माझी चूक चार मिनिटांत झाकली, तोच कॉम्प्युटर मी विकत घेतला. लोकांना मी इतर कारणं सांगत आलो. वेग चांगला होता, बिघडला तर दुकानाचा माणूस घरी येणार होता. त्यात खोटं काही नव्हतं. पण मी तो घेतला तो त्यासाठी नाही.

नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं होती. अंबरनाथ पूर्वेला आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मग मखमली पडदा, आणि पडद्यामागे वडिलांचं टेबल. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. लग्न, मुंज, पासपोर्ट हे मी बघायचो. जुने, फाटके, बुरशी चढलेले फोटो सुधारून मोठे करायचं काम अण्णांचं. बारीक ब्रश, शाई आणि एक भिंग एवढ्यावर त्यांनी तीस वर्षं हे काम केलं.

त्यांची एक पद्धत होती. फोटो घेऊन कुणी आलं की ते भिंगातून निरखून बघत आणि समोरच्याला विचारत, "हे काय आहे? हे असंच होतं का?" मग पाकिटावर मधोमध रेघ मारून डावीकडे 'काढणे' आणि उजवीकडे 'राखणे' असं लिहीत. काढणे म्हणजे बुरशी, चरे, घडीच्या खुणा. राखणे म्हणजे देवीचे वण, पडलेला दात, कपाळावरची खोक. मला हा सगळा वेळकाढूपणा वाटायचा. मी तसं म्हटलं की ते म्हणत, "आपण त्या माणसाला बघितलंय का कधी? मग डाग कुठला आणि खूण कुठली, हे आपल्याला कसं कळणार?"

त्या वर्षी अण्णांना मोतीबिंदू झाला, हातही कापू लागला. त्याच सुमारास गल्लीच्या तोंडावरच्या स्टुडिओने 'येथे कॉम्प्युटरवर फोटो करून मिळतील' असा बोर्ड लावला. आमची गिऱ्हाइकं तिकडे वळायला लागली. मी आठवडाभर उल्हासनगरच्या दुकानांना फोन करत होतो. रॅम किती, मॉनिटर केवढा, स्कॅनर कुठला, हे शब्द तेव्हा मला नुकते पाठ झाले होते, आणि ते मी अण्णांना ऐकू जातील एवढ्या मोठ्याने बोलत असे.

अशाच एका फोनच्या वेळी ती बाई आली. बदलापूरच्या पलीकडे बारवी धरणाच्या अंगाला एक ठाकरवाडी आहे, तिथली. वय माझ्याएवढंच, पस्तिशीचं. बदलापूरच्या बाजारात ती करवंदं आणि रानभाजी विकायला बसायची. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने हाताच्या पंजाएवढा एक फोटो काढला. झोपडीच्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसलेली एक म्हातारी. वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी तो कधीतरी काढला होता.

"माजी आय," ती म्हणाली. "पोरीचं लगीन हाय आठ दिसांनी. मांडवात आय पायजे."

"दुसरा एखादा फोटो आहे का?" अण्णांनी विचारलं.

"कुठला दादा. ह्योच येक."

अण्णांनी भिंग लावलं. "आणि हनुवटीवर हे तीन ठिपके?"

"गोंदण हाय त्ये. मेल्यावर तेवढंच संगं जातं म्हनं. बाकी समदं हितंच ऱ्हातं."

मी फोनवर होतो. हे बोलणं अर्धवट माझ्या कानांवर पडलं. पुरतं पडलं नाही, असं मी स्वतःला पुढे कितीतरी वेळा सांगितलं.

ती गेल्यावर अण्णा म्हणाले, "हे आता माझ्या हातून व्हायचं नाही. तू मशीन घेतोयस ना, त्यावर कर. पण पाकीट वाच."

"वाचतो," मी म्हटलं. वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून खिशात टाकला आणि स्कूटरवरून उल्हासनगरला निघालो. फोनवर बोलून दोन दुकानं मी नक्की केली होती; दोन्हीकडे हाच फोटो देऊन बघायचा आणि ज्याचा कॉम्प्युटर सरस ठरेल तो घ्यायचा, असा माझा बेत होता. पाकीट टेबलावरच राहिलं.

पहिलं दुकान उल्हासनगरच्या कॅम्प पाच वस्तीत, एका घराच्या तळमजल्यावर. दुकानदार साठीचे सिंधी गृहस्थ, चष्म्याला दोरी लावलेली, स्वतः सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करणारे. त्यांच्याकडचा मॉनिटर मोठा, सतरा इंची, आणि रॅम भरपूर. त्यांनी फोटो स्कॅनरवर ठेवला. पडद्यावर तो एकेक ओळ करत वरून खाली येऊ लागला. मी घड्याळ बघत होतो.

"साई, जल्दी किस बात की? पूरा दिखने दो," ते म्हणाले.

त्यांनी चेहरा मोठा केला. मग आणखी मोठा. त्या पडद्यावर सगळं दिसत होतं. बुरशीचे तंतू, सुरकुत्या, सुपातला एकेक दाणा. हनुवटीपाशी येऊन ते थांबले. "ये तीन देखो. ये फंगस नहीं है. फंगस ऐसी लाइन में नहीं बैठती."

"डागच आहेत हो," मी म्हणालो.

"पूछ लेना घर में," ते म्हणाले. मग त्यांनी कोटेशनच्या कागदावर, मजकुराच्या वर, तो चेहरा नमुना म्हणून छापून दिला. कागद साधाच होता, छपाईत आडव्या रेघाही आल्या होत्या, पण ठिपके स्पष्ट होते. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. ते दुकान मला आवडलं नाही. तिथल्या संथपणाने मला अण्णांच्या टेबलाची आठवण झाली होती.

दुसरं दुकान कॅम्प दोनच्या भर बाजारात. काचेचं दार, आत एसी, चाकाच्या खुर्चीवर बसून इकडून तिकडे सरकणारा टाय लावलेला सेल्समन.

"बोलो साई, क्या क्या निकालना है?"

मला हा प्रश्न फार आवडला.

आमच्या फोटोने त्याच्या स्कॅनरच्या काचेवर बुरशीची भुकटी पाडली. त्याने काच पुसायचं निळं पाणी मारलं, फडक्याने काच पुसली आणि फडकं बाजूला ठेवलं. त्याने फोटोला हात लावला नाही, हे मला सांगायलाच हवं. फडकं मी उचललं. फोटो जरा स्वच्छ असता तर इथलं काम आणखी उठून दिसलं असतं, असं माझ्या मनात आलं, आणि मी त्या ओल्या फडक्याने म्हातारीचा चेहरा पुसला.

मी फोटोग्राफर. ओल्या बोटाने फोटोला शिवायचं नाही, हे मी शाळेत होतो तेव्हापासून मला ठाऊक होतं.

हनुवटीचा भाग साय निघावी तसा फडक्यावर आला. फोटोत तिथे पांढरा कागद दिसू लागला, नखाएवढा.

"अरे, ये क्या किया आपने!" सेल्समन उभाच राहिला.

एसीत बसून पाठीला घाम आला. आता अण्णांना काय सांगायचं, आणि त्या बाईला काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. सेल्समनला बहुधा माझी दया आली. "टेन्शन मत लो, भर देंगे," म्हणत त्याने तसाच फोटो स्कॅन केला. मग गालाची कातडी उचलून त्या पांढऱ्या भोकावर ठिगळ लावत गेला. टिक, टिक, टिक. मी घड्याळाकडे बघत होतो. चार मिनिटांत हनुवटी पुन्हा जागेवर आली. गुळगुळीत, कोरी.

"देखा? किसी को पता नहीं चलेगा."

मी त्याच टेबलावर ऑर्डर दिली.

तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर आणि प्रिंटर स्टुडिओत आले. म्हातारीचा मोठा फोटो छापला, फ्रेम केला. अण्णांनी तो खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरला, पण त्यांना धूसर दिसत होतं. त्यांनी तो परत माझ्याकडे दिला. बाई आली, फ्रेम पदरात गुंडाळून घेऊन गेली, आणि दुसऱ्याच दिवशी परत आली. लग्नाला तीन दिवस राहिले होते.

"दादा, ही माजी आय नाय."

"म्हणजे काय, ताई? तुम्ही दिलेलाच फोटो आहे."

"गोंदण कुटं गेलं तिचं?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. माझ्याच खिशात, त्या घडीच्या कागदावर, तीन ठिपके होते. त्यावरून तीन दिवसांत काहीतरी करता आलं असतं. मी तिला मूळ फोटो दाखवला. "हे बघा, इथे बुरशीने खाल्लंय. खाली काही नव्हतंच."

"व्हतं की. मी रोज बोट लावायची तितं."

"असं होतं ताई. आपल्या मनात असतं ना, तेच आपल्याला फोटोत दिसतं."

तिने पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं, काढलं. मग म्हणाली, "आसंल बा. तुमी मशिनीवर बघितलंसा. मलाच येड लागलं आसंल." आणि ती फ्रेम घेऊन गेली.

ती भांडली असती तर मी सुटलो असतो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

पडद्यामागे अण्णा बसलेले होते. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पाकीट कुठाय?"

"टाकलं असेल कुणीतरी."

"राखणेखाली लिहिलं होतं मी. गोंदण, तीन ठिपके. मी भिंगातून पाहिले होते रे." मग म्हणाले, "बोलव तिला. ब्रशने देऊ. तीन तर ठिपके आहेत."

"आता काय गरज आहे? ती घेऊन गेली की," मी म्हणालो. ठिपके द्यायचे तर ते होते हे कबूल करावं लागलं असतं. अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही. माझ्यापाशी येणारे जुने फोटोही त्यांनी त्यानंतर बघायला मागितले नाहीत. कोटेशनचा कागद मी ड्रॉवरमध्ये गॅरंटी कार्डांच्या खाली ठेवला. फाडून टाकायचं दोनदा ठरवलं. फाडला नाही.

धंदा वाढला. मी दिवसाला वीस-वीस चेहरे गुळगुळीत करत होतो. कुणाच्या हनुवटीशी आलो की माझा हात माउसवर थांबायचा. बदलापूरला जायचं काम मी टाळायचो.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र एका साखरपुड्यासाठी जावं लागलं. बाजारातून वाट काढताना हाक आली, "ओ फोटोवाले दादा!" ती होती. समोर करवंदांची पाटी, शेजारी तिच्याच वाडीतली एक म्हातारी. आता ही चार लोकांत जाब विचारणार, असं वाटलं.

ती म्हातारीला म्हणाली, "ह्येच त्ये. ह्यांनीच आयचा फोटू केला. मावशे, आयला गोंदण व्हतं का गं? मी म्हनते नव्हतंच. मी उगा ह्यांच्याशी भांडली."

"व्हतं की गं," म्हातारी म्हणाली. "संगंच गोंदून घ्येतलं आमी."

"तुजं तुला याद ऱ्हात न्हाई, म्हातारे," ती हसली. मग पानाच्या द्रोणात करवंदं भरून तिने माझ्यापुढे धरली. "घ्या दादा. तवा मी लई बोलली तुमाला. मनात ठिवू नका."

ती माझी माफी मागत होती. तिने तिच्या आईची हनुवटी माझ्या सांगण्यावरून पुसून टाकली होती. तो द्रोण मी घेतला. साखरपुड्याचे फोटो मी कसे काढले, मला आठवत नाही.

घरी येऊन कागद काढला आणि अण्णांच्या हातात दिला. फडक्यापासून सगळं सांगितलं. त्यांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी भिंग लावून तो कागद पाहिला आणि म्हणाले, "मला कशाला सांगतोस? तिला सांग."

"ठिपके देऊन नवी फ्रेम करून नेतो."

"नाही. आधी तिला विचार, कुठे द्यायचे. तिच्या देखत दे." त्यांनी आपला ब्रश आणि शाईची बाटली माझ्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश, शाई आणि तो कागद घेऊन मी वाडीवर गेलो. ती अंगण सारवत होती. मला बघून हात धुतले, बसायला गोणपाट टाकलं. आत कुडाच्या भिंतीवर फ्रेम लटकत होती, कोऱ्या हनुवटीची. मी बसलो नाही. कागदाची घडी उलगडून तिच्या हातात दिली. तिने तो आडवा धरला, मग सरळ केला. तिचं बोट हनुवटीपाशी गेलं आणि तिथेच राहिलं.

"ताई," मी म्हणालो, "गोंदण होतं. तुम्ही दिलेल्या फोटोत होतं. ओलं फडकं लावून मी ते पुसलं, आणि ते कधी नव्हतंच असं तुम्हाला सांगितलं. तुम्हाला वेड लागलं नव्हतं. मी खोटं बोललो. मला माफ करा."