हाऊ आकडा कोठून उना?

माझ्या मेहुण्याइतका डोक्यात जाणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही, हे मी चारचौघांत सांगायला तयार आहे. बायकोचा धाकटा भाऊ. शहाद्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, लग्न केलेलं नाही, शेजारच्या खोल्यांत राहतो आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवतो. जेवतो म्हणजे भांडतो. हिनं सहज म्हटलं, की भरताला मिरच्या बाराच लागतात, तर हा हातातला घास हातातच धरून विचारणार, "हाऊ आकडा कोठून उना?" आईकडून आला म्हटलं, तर आईला कुणी सांगितलं? शेवटी ही "भाऊ, गुपचूप जेवी ले!" म्हणून ओरडते आणि भाकरी त्याच्या ताटात आपटते. एकदा स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी यानं धानोऱ्याच्या गाडीची वेळ कशावरून ठरवली म्हणून हुज्जत घातली. मागची रांग खवळली, मी शरमेनं लांब जाऊन उभा राहिलो. खिडकीतला माणूस अखेर किंचाळला, "गाडी जवय येई तवय येई!" तेव्हा कुठे हा हसत परतला. म्हणाला, "दाजी, आठे हाऊ एकच खरा माणूस शे."

या रोगाचं मूळ त्याच्या संशोधनात होतं. झिंक ऑक्साइड, ज्याची पांढरी पूड मलमात घालतात, त्याच्या स्फटिकावर उजेड पडला की एखादा इलेक्ट्रॉन उसळून वर जातो आणि मागे त्याची रिकामी जागा राहते. तो गेलेला आणि ती रिकामी जागा एकमेकांना ओढत राहतात, जोडीनंच फिरतात. त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ती तोडायला किती ऊर्जा लागते ते याला काढायचं होतं, आणि तेही मूलतत्त्वांपासून. म्हणजे अणू कोणते आणि साधारण कसे रचलेत, एवढंच संगणकाला सांगायचं. बाकी सगळं गणितातून निघालं पाहिजे, प्रयोगशाळेत मोजलेला एकही आकडा आत घ्यायचा नाही. मी मराठी शिकवण्यात जन्म घालवला, तरी एवढं मला पाठ आहे, कारण सात वर्षं जेवताना दुसरं काही ऐकलेलं नाही. त्याचे मार्गदर्शक एकदा फोनवर म्हणाले, मोजलेली एक किंमत घाला, पंधरा दिवसांत प्रबंध होतो. त्यावर हा इतका ओरडला, की समोरच्या घरातली माणसं भांडण सोडवायला आली.

डॉक्टरेटच्या नोंदणीला दोनदा मुदत वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. आठवडा उरला असताना प्रबंध एकदाचा तयार झाला. उत्तर सुरेख आलं होतं. तक्ते मूळ फायलींशी ताडून बघायला तो माझ्यासमोर बसला. तो वाचायचा, मी खूण करायचो. पहिल्याच फायलीत अणूंमधलं अंतर होतं. सात वर्षांचा सूड उगवायची संधी मी कशी सोडीन? त्याच्याच आवाजात म्हटलं, "हाऊ आकडा कोठून उना?"

त्यानं फाईल पुन्हा वरपासून वाचली. ते अंतर कुणीतरी क्ष-किरणांनी मोजलेलं होतं. पहिल्या दिवशी, नुसती सुरुवात व्हावी म्हणून, यानं ते एका शोधनिबंधातून उचललं होतं. नंतर गणितानं काढू म्हणाला आणि विसरला. पुढचं सगळं त्याच्यावरच उभं होतं.

मार्गदर्शक म्हणाले, पुष्कळजण घेतात, एक ओळ लिहून मोकळे व्हा. मी म्हटलं, लिही. हिनं तर हात जोडले. तो म्हणाला, "प्रबंधना नावमाच 'मूलतत्त्वांपासून' लिखेल शे, दाजी. मी सही कशी करू?" मग मी ओरडलो, आयुष्यात कुणावर ओरडलो नसेन इतका. मूर्खा, तुला विचारणार कोण आहे? तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच इचारं व्हतं ना."

मुदत गेली, नोंदणी रद्द झाली. माझ्या जिभेला काय खाज सुटली होती कोण जाणे. त्याच्यावर रागावलो, त्याच्या मार्गदर्शकांवर रागावलो, झिंक ऑक्साइडवर रागावलो, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. त्याच्या खोलीत संगणक अजून घरघरत असतो. ते अंतर त्यानं आता गणितानं काढायला घेतलंय, कुणीही मागितलेलं नसताना. पण जेवताना भांडत नाही. काल मी मुद्दाम म्हटलं, "भरताला मिरच्या वीस लागतात." हिनं चमकून माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं वाट बघत बसलो.

त्यानं घास घेतला आणि म्हणाला, "लागत व्हतीन."

लागत असतील म्हणे! मला असा संताप आला, की ताट तसंच ठेवून उठलो आणि मागच्या ओट्यावर जाऊन बसलो.