सुभाषचा मीटर

सोल्डरचा धूर आणि वाळत्या मिरचीचा ठसका आज एकदमच नाकात शिरला, आणि सुभाष आठवला.

तेव्हा नंदुरबारच्या आमच्या घरी मी हौसेने जोडलेला रेडिओ मुका होता. आदल्या दिवशी फक्त सुभाषने, माझ्या मित्राने, त्याला हात लावला होता. मी सरळ विचारलं, "चांगला ट्रान्झिस्टर तूच काढी लिधा ना?"

"तुन्हा टाका कच्चा शे. मीटर लायी देख," म्हणत त्याने जोडण्या तपासायचा आपला मीटर टेबलावर ठेवला आणि तो निघून गेला.

मीटरने जोड तुटलेला दाखवला, तर मी मीटरवरही संशय घेतला. शेवटी सोल्डरचा एक टाका बोटाने हलला. शेजारच्या पथारीवर, मोकळ्या मैदानात, वाळत घातलेल्या मिरचीने डोळे झोंबत होते, म्हणून मी तो टाका तोंड फिरवून मारला होता. पुन्हा तापवताच रेडिओ वाजला.

मीटर न्यायला सुभाष आला नाही. द्यायला मीही गेलो नाही.