सातव्या गुहेतले दिवे

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या जुन्या पेठेत, बाब जेबली वेशीच्या आतल्या अंगाला, तौफिकचं चष्म्यांचं दुकान आहे. माणूस कामाला चोख. काच घासायला बसला की केसभरही चूक होऊ द्यायचा नाही. खोड एकच. दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की याच्या पोटात दुखायला लागायचं. शेजारच्या मसालेवाल्याने नवी पाटी लावली तेव्हा याला तीन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. बायको दलेंदा म्हणायची, "दुकानात बसून लोकांचे डोळे तपासतोस, पण तुझे डोळे सदा दुसऱ्याच्या ताटात."

तरी ज्याच्यावर तो मनापासून जळला असा माणूस एकच, हमादी. आणि तो त्याचा लहानपणापासूनचा मित्र.

दोघं दहा-अकरा वर्षांचे असताना हमादीच्या मामाने फ्रान्सहून टीव्हीला जोडायचा एक खेळ आणला होता. जाड जाड ठिपक्यांचा एक पोरगा, हातात तलवार, भोवती जंगल, जंगलात गुहा, गुहेत किल्ल्या आणि वटवाघळं. खेळ हमादीचा, पण खेळायचा तौफिक. हमादी तिसऱ्या गुहेपलीकडे कधी गेलाच नाही. तो बापडा शेजारी बसून वहीत नकाशे काढायचा. गल्लीतली पोरं अडली की दार वाजवून तौफिकलाच विचारायची, "पाण्याखालची किल्ली कुठेय रे?" तौफिक आधी भरपूर भाव खायचा आणि मग सांगायचा. त्या दोन वर्षांत जेवढा मान मिळाला तेवढा त्याला पुढे आयुष्यात मिळाला नाही, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

हमादी पोस्टात कारकून झाला. टपाल वर्गवारी करून घरी आला की तो संगणकापुढे बसायचा. काय करतो ते कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. सहा वर्षांनी कळलं, की गड्याने त्या जुन्या खेळाच्या धर्तीवर स्वतःचा अख्खा खेळ रचलाय. तेच जाड ठिपके, तसंच किणकिण वाजणारं संगीत, आठ गुहा. पण जंगलाच्या जागी ऑलिव्हच्या बागा, माणसं बोलतात ती आपली इकडची अरबी, आणि जीव कमी झाला की एक म्हातारी जवाचं आणि ऑक्टोपसचं गरम सूप देते. असले खेळ विकायचे नसतात. हौसेने करायचे आणि फुकट वाटायचे, हा असे खेळ रचणाऱ्यांच्या जमातीचा रिवाज. दुसरा रिवाज असा, की चाचणीत जो सगळ्यांत आधी शेवटाला पोचेल त्याचं नाव खेळातल्या शेवटच्या दारावर कोरायचं.

हमादीने तौफिकसकट बारा जणांना खेळ चाचणीसाठी दिला आणि त्यांचा मोबाइलवर एक ग्रुप केला. महिनाभराने संस्कृती भवनात तो सगळ्यांना दाखवायचा होता, ट्यूनिस आणि सूसहून त्याच्यासारखेच हौशी लोक येणार होते. कॅफेत पत्ते खेळणारी म्हातारी मंडळीसुद्धा आता त्याला 'उस्ताद' म्हणायला लागली.

"याला उस्ताद म्हणतात?" तौफिक घरी येऊन फणफणला. "तिसऱ्या गुहेत रडायचा तो! किल्ली कुलपात घालायला मी शिकवलं त्याला!"

"मग तूही कर एखादा खेळ," दलेंदा मटार सोलत म्हणाली. "संगणक आहेच घरात."

तौफिक संगणकापुढे जाऊन बसला. शेवटच्या दाराला आपलंच नाव लागणार, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

सहा गुहा त्याने आठवड्यात पार केल्या. खेळ टुकार असेल अशी त्याची मोठी आशा होती, तीही मेली. चौथ्या गुहेत आपलीच सावली ढकलून दगड हलवायचा होता. ते उमगलं तेव्हा तौफिकने खेळ थांबवला आणि हमादीला एक सणसणीत शिवी हासडली. एवढी चांगली युक्ती त्याने आयुष्यात कुठल्या खेळात पाहिली नव्हती.

सातव्या गुहेत घोडं अडलं. भिंतीवर ओळीने सात दिवे. शिळेवर लिहिलेलं: पहिला लाव, मग पाचवा, मग दुसरा, मग सहावा. तौफिकने लावले. जमीन फाटली आणि पोरगा थेट गुहेच्या तोंडाशी जाऊन पडला. पुन्हा सगळी गुहा चालत जायचं, पुन्हा दिवे, पुन्हा आपटी. तो भिंती ठोकून बघायला लागला, विहिरीत उड्या मारल्या, म्हातारीला शंभरदा भेटला. असे अकरा दिवस गेले. दुकानात एका गिऱ्हाईकाच्या चष्म्यात त्याने काचा उलटसुलट बसवल्या. हमादीला एक शब्द विचारला असता तर काम झालं असतं, पण त्याला विचारायचं म्हणजे मरणच.

शनिवारी दुपारी कॅफेत मंडळी जमली, हमादीही होता. कोणीतरी सहज विचारलं, "काय तौफिक, कुठवर आलास?"

तौफिकच्या तोंडून निघून गेलं, "कुठवर येणार? सातवी गुहा मोडकी आहे. दिवे बरोबर लावले तरी दार उघडत नाही. सहा वर्षं काय केलं याने, देव जाणे."

हमादीचा चेहरा पडला. "नक्की?" त्याने विचारलं.

"मी सांगतोय ना!"

हमादी कॉफी अर्धी टाकून उठला. तौफिकला त्या संध्याकाळी फार दिवसांनी कडकडून भूक लागली.

पुढच्या गुरुवारी दलेंदाने बटाट्यांवर मटण रचून थाळा त्याच्या हातात दिला आणि भाजून आणायला त्याला गल्लीच्या भट्टीवर पिटाळलं. भट्टी रफीकामावशीची. साठीची बाई, सगळ्या गल्लीची मावशी. थाळे आत सरकवले की ती पिठाच्या पोत्यावर बसून मोबाइलवर खेळत बसे. हमादीने तिलाही खेळ दिला होता, ती रोज त्याला भाकरी देते म्हणून.

"आठवी गुहा फार चढाची आहे रे," ती म्हणाली. "गुडघे माझे दुखतात, खेळातल्या पोराचे नाहीत, हेच बरं."

तौफिकच्या हातून थाळा निसटता निसटता राहिला. "आठवी? आणि सातवीतले दिवे?"

"लावले की. पहिला, पाचवा, दुसरा, सहावा."

"कुठून मोजलेस, मावशी?"

"कुठून म्हणजे? उजवीकडून! आपली अरबी माणूस वाचतो कुठून? तू काय डावीकडून मोजलेस? परदेशी खेळ खेळून खेळून डोकंच फिरलंय तुम्हा पोरांचं." ती हसत सुटली. "कोणाला सांगत नाही, जा. मला तुमच्या त्या ग्रुपवर लिहिता येत नाही."

थाळा भट्टीवरच टाकून तौफिक घरी पळाला. दिवे उजवीकडून लावले, दार उघडलं. आठवी गुहा त्याने जेवायला न उठता संपवली. शेवटच्या दारापाशी पाटी कोरी होती. ग्रुपवर अजून कोणी शेवटाला पोचल्याचं लिहिलं नव्हतं, म्हणजे बारा जणांत पहिला तोच! त्याने पडद्याचा फोटो काढला, आणि पाठवायला बोट पुढे केलं तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. फोटो पाठवला, की गुहा मोडकी नव्हती हे जगाला कळणार. नाव हवं असेल तर आधी तोंड काळं करून घ्यायचं. फोटो खिशातच राहिला.

शनिवारी, दाखवायच्या आदल्या दिवशी, हमादी कॅफेत आला तो सुजलेल्या डोळ्यांनी. "सातवी गुहा काढून टाकली," तो खुर्चीत बसत म्हणाला. "उद्या सहावीतून थेट आठवीत जायचं. जरा तुटल्यासारखं वाटतं, पण इलाज नाही."

"चूक सापडली का पण?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही ना. चाळीस वेळा लावून बघितले दिवे. माझ्याकडे दर वेळी दार उघडतं. ग्रुपवर सातवीबद्दल दुसऱ्या कोणी काही लिहिलेलं नाही. पण तौफिक म्हणतोय म्हणजे चूक असणारच. त्याच्याइतका हा खेळ कळणारा मी दुसरा पाहिला नाही."

तौफिकला वाटलं, उठून बाहेर जावं. गप्प राहिलं तर प्रश्नच मिटत होता. रफीका बोलणार नव्हती, हमादी शंका घेणार नव्हता. आणि नेमकं तेच त्याला सहन झालं नाही. ज्याच्यावर आपण इतके जळलो तो आपल्यावर एवढा विश्वास टाकून बसावा, याचा त्याला रागच आला.

"गुहा परत लाव," तो म्हणाला. "मोडकी नव्हती. मी डावीकडून मोजत होतो. मला जमलं नाही म्हणून तुझ्या माथी मारलं." त्याने मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "हे बघ. गुरुवारी संपवला."

पत्ते वाटणारा हात थांबला. एक जण फिसकन हसला. तौफिक शिव्यांची वाट बघत मान खाली घालून बसला.

हमादीने मोबाइल उचलला, फोटो डोळ्यांजवळ नेला.

"तू शेवटपर्यंत खेळलास?" त्याने विचारलं. "कसा वाटला रे?"

महिनाभरात तौफिकने त्या खेळाबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. शिव्या खायची त्याची तयारी होती, याची नव्हती.

"चांगला आहे," तो म्हणाला. तेवढ्याने भागणार नाही हे त्याचं त्यालाच कळलं. आतून तो अजून जळतच होता. "माझ्याच्याने असा कधी झाला नसता, हमादी."