थैल्यांची खोली

आमच्या घरात भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, माझ्याशी थेट बोलत नसत. रीतच तशी. मी समोर उभी राहून वाढत असले तरी ते सासूबाईंकडं बघून म्हणणार, तिले सांग, भाजीत मीठ कमी हाय. मी डोक्यावरचा पदर सावरून मुकाट मीठ आणून ठेवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमचं बोलणं असं वळसा घालूनच चालायचं.

त्याच वळशानं एकदा निरोप आला, की सोयाबीन घरी यायच्या आत मागची खोली मोकळी पाहिजे. त्या खोलीत माझे मशरूम होते. मशरूम कसले, अजून नुसत्या थैल्याच होत्या. मीही सासूबाईंच्या हाती उलटा निरोप धाडला, की खोली काही मिळायची नाही.

वाशीमला प्रशिक्षण घेऊन आल्यावर आधी मी साध्या पिशव्यांना भोकं पाडून बघितलं होतं. पण आमच्या घरात कुटाराची, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाची, एवढी धूळ, की त्या भोकांतून चिलटं शिरली, हिरवी बुरशी शिरली आणि सगळं नासलं. गावभर हसं झालं. आमच्या किन्हीराजा गावच्या एसटी स्टँडवर बाया विचारायच्या, काय वं, कुत्र्याच्या छत्र्या निघाल्या का? असा संताप यायचा! पण सोडते ती मी कसली. मोबाईलवर शोधून फिल्टरच्या थैल्या मागवल्या. जाड, वाफ सोसणारं प्लास्टिक आणि वरच्या अंगाला एक पांढरी चौकोनी पट्टी. तिच्यातून हवा आत जाते, धूळ आणि बुरशी बाहेरच राहते. सोयाबीनचं कुटार भिजवून त्यात भरलं, चुलीवरच्या ड्रममध्ये वाफवलं, गार झाल्यावर तोंडाला रुमाल बांधून बियाणं टाकलं आणि थैल्या तोंडं बांधून फळ्यांवर मांडल्या. हळूहळू आत कापसासारखं पांढरं जाळं धरू लागलं. मी येता-जाता दार उघडून बघायची. त्या घरात माझी म्हणावी अशी ती पहिलीच गोष्ट होती.

सासूबाई मात्र खोलीच्या उंबऱ्याआत पाऊल टाकत नव्हत्या. उकिरड्यावरची वस्तू घरात कोण पेरतं, असं त्यांचं म्हणणं.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी नांगर, वखर, विळे, ट्रॅक्टर, अगदी मिक्सरलासुद्धा हळद-कुंकू लागतं. मी पुरणात अडकले होते. दुसऱ्या दिवशी खोलीत गेले तर वरच्या फळ्यांवरच्या एकूण एक थैलीच्या पांढऱ्या पट्टीवर पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू थापलेलं, वर अक्षता चिकटवलेल्या. सासूबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. चेहरा असा खुललेला, की मला ओरडताही येईना.

"कोरं कपाळ बरं दिसते काय? तुह्या कामाची वस्तू हाय, म्हनून पुजली," त्या म्हणाल्या.

माझ्या कामाला त्या पहिल्यांदाच काम म्हणाल्या होत्या, आणि त्याच हातानं त्यांनी ते बुडवलं होतं. हसावं की रडावं! मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर पट्ट्या अजूनच भिजल्या. ओल्या पट्टीतून हिरवी बुरशी आत शिरली आणि वरच्या सगळ्या थैल्या गेल्या. खालच्या फळीवरच्या तेवढ्या वाचल्या, कारण सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत. का गेल्या ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्या दिवशी त्या धड जेवल्या नाहीत.

सोयाबीन आलं. मी हिरव्या थैल्या अंगणात काढत होते, तेवढ्यात भासरे पोत्यांची गाडी घेऊन आले. थैल्या बघितल्या आणि ओसरीवर बसलेल्या सासूबाईंना म्हणाले, तिले सांग, खेळ झाला, आता उरलेल्याबी फेक.

माझं डोकं फिरलं. पदर डोक्यावरून घसरला होता, तो मी तसाच राहू दिला.

"मलेच सांगा, भाऊजी. मी अठीच उभी हाव," मी म्हणाले. "खराब झाल्या त्या मीच काढल्या. बाकीच्या निघनार नाईत."

हमालानं पोतं खांद्यावर तसंच धरून ठेवलं. मी जागची हलले नाही. भासऱ्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते सरळ खोलीकडं निघाले. तर सासूबाई भिंतीला धरून उठल्या, त्यांच्या आधी दाराशी पोचल्या आणि चौकटीत आडव्या उभ्या राहिल्या.

"नवमीले पुजलेल्या हायेत त्या. पुजलेली वस्तू घराबाहेर काढतेत काय?"

पुजलेल्या थैल्या सगळ्या अंगणात पडल्या होत्या. आत होत्या त्यांना सासूबाईंचं बोटसुद्धा लागलं नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

सोयाबीन ओसरीवर ताडपत्रीखाली गेलं. काही दिवसांनी खालच्या फळीवरच्या थैल्यांना मी चिरा दिल्या आणि त्यांतून मशरूमचे झुबके निघाले. भाजी केली. सासूबाईंनी मागून घेतली, भासऱ्यांनी ताट बाजूला सरकवलं. सरकवू द्या.

आता नवमीला सासूबाई हळद-कुंकू त्या खोलीच्या चौकटीला लावतात. आणि भासरे निरोप धाडत नाहीत. दर हंगामात ते खोलीच्या दाराशी येतात आणि थेट माझ्याशी भांडतात. मीही पुरून उरते. खोली अजून माझ्याकडंच आहे.